वरची गाडी

अहो,

सगळ्यात आधी तो घाटाचा विषय मिटवून टाकू.

तुम्हाला जाऊन अजून आठवडाही झाला नाही. भेटायला येणाऱ्यांच्या चपलांनी दार भरलंय, आणि त्या गर्दीतही दोघातिघांनी मला हळूच विचारलं, "काकू, अप्पांचा घाट बघायचा राहिला म्हणं?" म्हणजे साऱ्या लातूरला सांगून ठेवलंत तुम्ही. गादी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला कापूस दाखवता दाखवता बायकोचं गाऱ्हाणं सांगणारा दुकानदार मी तरी दुसरा बघितला नाही.

त्यांना मी काही बोलले नाही. सांत्वनाला आलेल्या माणसाशी कुठं वाद घालायचा? पण तुमच्याशी घालणार. आपलं भांडण दिवस मावळेपर्यंत मिटलं नाही की तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊ द्या मास्तरीणबाई, उद्याला बोलायला कायतरी पायजे की." उद्याची सोय तुम्ही मोडून टाकलीत. तेव्हा आजच ऐका.

रेल्वेचं वेड तुम्हाला पहिल्यापासूनचं. लग्नानंतर मला पहिल्यांदा माहेरी, उमरीला, पोचवायला निघालात तेव्हा नांदेडला गाडी बदलायची होती आणि पुढची गाडी नेहमीसारखी उशिरा. आपलं तिकीट सेकंड क्लासचं. तरी तुम्ही फर्स्ट क्लासच्या वेटिंग रूमच्या दारात जाऊन उभे. आत उंच छत, मोठाल्या खिडक्या आणि लांब दांड्यांच्या वेताच्या आरामखुर्च्या. दारावरच्या माणसानं हटकलं तर म्हणालात, "नवी नवरी हाय मामा, जरा टेकू द्या." तो म्हणाला, "नियम हाय भाऊ." तुम्ही म्हणालात, "नियम गाडीत बसायचा हाय. खुर्चीत बसायचा कुटं लिवलाय?" तो बिचारा विचारात पडला, तेवढ्यात तुम्ही मला हाताला धरून खुर्चीत बसवलंत सुद्धा. मी गणिताची पदवी घेतलेली, नियम मोडायची सवय नव्हती. अंग चोरून बसले. तुम्ही खुर्चीमागं उभं राहून खिडकीतून फलाट दाखवत होतात आणि मला समजावत होतात, "आराम म्हंजे झोपणं न्हाई बरं का. आराम म्हंजे बसल्या जागी जग बघायला मिळणं."

तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं. कारण तेव्हा तुम्ही रोज आपल्याच दुकानातल्या गादीवर हातपाय पसरून घोरत होतात. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण नंतर ज्यांनी तुम्हाला पाहिलं त्यांना ते खरं वाटणार नाही.

भूकंप झाला तेव्हा आपला महेश शाळकरी पोर होता. आपल्या घराला नुसत्या भेगा गेल्या. तुमची थोरली बहीण, गिरजाक्का, औशाच्या पलीकडं खेड्यात दिलेली. तिचं घर दगडी भिंतींचं, वर मातीचं माळवद. उजाडताच तुम्ही मिळेल त्या जीपला लटकून गेलात. परत आलात तेव्हा दोन्ही हातांची सालटं निघाली होती. मी हळद लावत होते आणि तुम्ही एकच सांगत होतात. "पलंगावरच होती अक्का. झोपेत. छताकडं तोंड करून."

त्या दिवसापासून तुम्ही छताखाली पाठ टेकली नाही. सुरुवातीला सारं लातूरच रस्त्यावर झोपत होतं, त्यात तुम्ही एक. पुढं थंडी पडली, माणसं एकेक करून घरात गेली. तुम्ही अंगणातच. घडीची खुर्ची, पाठीला उशी, अंगावर घोंगडी. पावसात ओसरीच्या पत्र्याखाली सरकायचं, पण बसूनच. आपलं गाद्यांचं दुकान गंजगोलाईच्या बाजारात. अर्ध्या गावाला तुम्ही मऊ गादी विकलीत आणि स्वतः खुर्चीत मान वाकडी करून पहाट केलीत. मी म्हणायचे, लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणायचात, "हलवाई कुटं रोज पेढे खातोय?"

मी शेवटी गणितावर आले. म्हटलं, पुन्हा तसाच हादरा, याच गावात, याच घरात, तुम्ही आडवे असतानाच बसेल याची शक्यता किती आहे ते मांडून दाखवते. तुम्ही शांतपणे सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "गणित तुमचं बरोबर हाय. अक्काला सांगायचं तेवढं ऱ्हायलं." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण मनात एक हट्ट धरून बसले. मला दागिना नको होता, बंगला नको होता. तुम्ही एकदा, एकदाच, छताखाली पाठ टेकून निवांत झोपलेलं मला बघायचं होतं.

तुम्हाला झोप लागायची ती फक्त गाडीत. ती पण बसून, खिडकीला डोकं लावून. मी विचारलं, असं कसं हो? घरात डोळा लागत नाही आणि एवढ्या खडखडाटात लागतो? तर म्हणालात, "गाडी हालतीच की. हालायचंच काम हाय तिचं. घरानं हालू न्हाई."

मग क्लासेसचे दिवस आले. लातूर पॅटर्नचं नाव झालं आणि नांदेड, परभणी, बीड, सगळीकडची मुलं पेट्या घेऊन आपल्या गावात उतरायला लागली. गल्लीतल्या प्रत्येक घरावर मजला चढला. कालपर्यंत ज्यांच्या गच्चीवर पापड वाळायचे त्यांच्याकडं आज 'मुलांसाठी खोल्या' अशी पाटी. तुमच्या दुकानाला दम घ्यायला उसंत नाही. प्रत्येक मुलाला एक गादी आणि एक उशी तर लागणारच. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते, संध्याकाळी घरी मुलं यायची, त्यांना बसायला जागा पुरत नव्हती. मी म्हटलं, वर स्लॅब टाकू, तीन खोल्या काढू. नकाशा करून आणला, कॉन्ट्रॅक्टरला चहाला बोलावलं.

त्याच्यासमोर तुम्ही कपाळाला आठ्या घालून बसलात. "कुणाच्या लेकराच्या डोक्यावर मी स्लॅब टाकणार न्हाई."

तो म्हणाला, "अप्पा, भूकंपाचा विचार करून सळई टाकू. पुन्हा हादरा बसला तर काय बी होणार न्हाई."

"मग तुमी झोपा की त्याच्याखाली. मी बाहेर बसून बघतो."

कॉन्ट्रॅक्टर चहा तसाच ठेवून गेला. मी तुमच्याशी अबोला धरला. अबोला धरणारी मी आणि त्याचा पत्ताच न लागणारे तुम्ही, त्यामुळं तो फार दिवस चालला नाही.

त्याच सुमाराला आपली छोटी गाडी बंद पडली. लातूरहून बार्शी, कुर्डुवाडीकडं जाणारी ती खेळण्यासारखी अरुंद गाडी. मोठा रूळ आला आणि तिचे डबे भंगारात निघाले. एके दिवशी दुपारी दारात टेम्पो थांबला. त्यातून गाडीची बाकं उतरायला लागली. फर्स्ट क्लासची, गादीची, लाकडी हातांची. मागून खिडक्यांच्या झडपा. मी कपाळावर हात मारला. तुम्ही गच्चीकडं बघून म्हणालात, "खोल्या पायजे होत्या ना तुमाला? खोली म्हंजे काय, बसायची जागाच की."

तुमच्या डोक्यात काय होतं ते मला माहीत होतं. दुकानात गल्ल्याच्या मागं एका जुन्या कॅलेंडरचं पान तुम्ही कितीतरी वर्षं लावून ठेवलं होतं. परदेशातली गाडी, तिच्या छताला काचेचा घुमट, खाली माणसं खुर्च्यांत बसून काहीतरी पीत बाहेरचे बर्फाचे डोंगर बघतायत. कुणी विचारलं तर सांगायचात, "छत हाय बी आणि न्हाई बी. असं पायजे." मी हसायचे. हौसेला मोल नाही, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

गच्चीवर लोखंडी अँगल उभे राहिले. दोन्ही अंगांना त्या झडपांच्या खिडक्या, समोरासमोर बाकं, मध्ये घडीची टेबलं. आणि वर पत्रा नाही, स्लॅब नाही, तर आरपार दिसणारे फायबरचे पत्रे, मधोमध फुगीर वाकवलेले. बाकांतला नारळाचा काथ्या काढून तुम्ही स्वतः नवा कापूस भरलात. वेल्डर म्हणाला, "अप्पा, हे बिगरइंजनाचं काय करून ऱ्हायलेत?" तो नांदेडकडचा होता म्हणून मला हसू आलं, माझ्या 'करून राहिले'ची चेष्टा करणाऱ्याला बरोबर माझ्याच बोलीत कुणीतरी विचारलं होतं.

सगळं फाल्गुनात पुरं झालं. चैत्रात कळलं की आपण गच्चीवर भट्टी लावली आहे. लातूरचं ऊन, वर आरपार पत्रा. मुलं पाच मिनिटांत ओले टॉवेल डोक्यावर घेऊन खाली पळत आली. एकाची प्लास्टिकची पट्टी वाकली. काचेचा घुमट बर्फाच्या डोंगरासाठी असतो, मराठवाड्यासाठी नाही, एवढं साधं तुमच्या ध्यानात आलं नव्हतं. मी मनसोक्त हसले. इतके दिवसांचा स्लॅबचा राग त्या एका दुपारी फिटला माझा. तुम्ही ओशाळलात, पण हार मानणारे थोडेच! दुसऱ्या दिवशी वर गोणपाटं अंथरली, त्यांवर पाणी मारायची नळी बसवली, आणि ती दोरीनं ओढून बाजूला करायची युक्ती काढलीत. दिवसभर झाकलेलं छत, आणि उन्हं कलली की तुम्ही दोरी ओढायचात. हळूहळू आभाळ उघडायचं. मुलं वह्या टाकून वर बघायची. खरं सांगते, मी पण बघायचे, फक्त तुमच्याकडं पाठ करून.

मुलांनीच नाव ठेवलं, वरची गाडी. "काकू, वरच्या गाडीत जागा हाय का?" खोलीत कोंडून घेऊन रडकुंडीला आलेलं लेकरू तिथं येऊन बसलं की जरा माणसात यायचं. तुम्ही किटली घेऊन वर जायचात आणि अभ्यास किती झाला असं कधी विचारायचा नाहीत. विचारायचात, "कुटवर आली गाडी?" लातूरहून सुटून मुंबईला पोचायचं, म्हणजे अभ्यास संपला. मुलंही त्याच भाषेत सांगायची. "बार्शीतच अडकलोय अप्पा, ऑरगॅनिक केमिस्ट्रीला." तुम्ही म्हणायचात, "क्रॉसिंग असंल. निघंल." कुणाची कुर्डुवाडी व्हायची, कुणाचं दौंड. आणि लोणावळ्याच्या पुढं घाट. घाट म्हणजे परीक्षा. पुस्तकावर मान टाकून कुणी पेंगायला लागलं की तुम्ही बाकाच्या लाकडावर बोटानं टकटक करून म्हणायचात, "उठा, घाट आला! झोपून घाट बघत असतेत का?" रेणापूरची एक मुलगी तर घरी गेल्यावर झोपेत आईला म्हणाली म्हणे, "आई, उठव गं, घाट आला." तिची आई देवाला नारळ फोडून आली.

वर्षानुवर्षं असं दुसऱ्यांना घाटासाठी उठवलंत. आणि स्वतः तुम्ही तो घाट काचेखालून कधी पाहिला नव्हता.

महेश पुण्यात नोकरीला लागला, तिथंच घर केलं. मुंबईकडं जाणाऱ्या गाडीला काचेच्या छताचा डबा लागलाय हे त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही दुकानातून तडक उठून घरी आलात आणि म्हणालात, "मास्तरीणबाई, बॅग भरा." तिकीट अजून काढायचं होतं. त्यानं काढलं, तोपर्यंत तुम्ही चार माणसांना निरोप दिलेला.

तो डबा! तुम्ही चढल्या चढल्या आधी बाक दाबून बघितलंत. "फोम हाय. कापूस न्हाई." मग खुर्ची गोल फिरते हे कळल्यावर शेजारच्या बाईंच्या गुडघ्याला लागेपर्यंत फिरवलीत. डब्याच्या टोकाला उभं राहून बघायला मोठी काच होती, तिथं दोनदा जाऊन आलात. पाय ठेवायला जागा, मागं रेलायला कळ, वर निळं आभाळ. चहा देणाऱ्या माणसाला सांगितलंत, "असला डबा माझ्याकडं बी हाय. फकस्त जागेवरून हालत न्हाई." त्यानं मान डोलावली, त्याला वाटलं असेल, म्हातारा बहकलाय.

लोणावळा सुटलं आणि तुम्ही कळ दाबून मागं रेललात. म्हणालात, आता वर बघत जायचं. पाठ टेकली, तोंड छताकडं. आणि काय झालं कुणास ठाऊक, गाडी उताराला लागली तोच तुमचा डोळा लागला. तो असातसा नाही. तोंड उघडं, हात खुर्चीच्या खाली लोंबलेला, आणि घोरणं! लग्नाच्या पहिल्या वर्षांतलं ते घोरणं मी विसरून गेले होते.

बाहेर घाट सुरू झाला. धबधबे, दऱ्या, सगळे लोक उठून फोटो काढतायत. बोगदा आला की पोरं किंचाळायची. मी हात उचलला होता तुम्हाला हलवायला. खोटं कशाला सांगू, खांद्यापर्यंत नेला होता. आणि तसाच मागं घेतला. किती वर्षांनी तुम्ही छताकडं तोंड करून पाठ टेकली होती! ते छत काचेचं होतं की दगडाचं, याच्याशी मला काय करायचं होतं? पोरांना बोटानं गप्प बसवलं. पुढचा माणूस म्हणाला, "अहो, काकांना उठवा की, परत असं दिसणार नाही." मी म्हटलं, "मला पण परत असं दिसणार नाही." त्याला काय कळलं देव जाणे. तुम्ही घाट बघितला नाही तसा मीही बघितला नाही. मी तुम्हाला बघत होते.

कर्जतला जागे झालात. डोळे चोळून म्हणालात, "घाट कवा येतोय?"

"गेला."

"गेला म्हंजे?"

"गेला म्हणजे गेला. तुम्ही झोपला होतात."

तुमचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जत्रेतून आल्यावर पाळण्यात बसायचं राहिलं म्हणून रुसलेलं मूल असतं ना, अगदी तसा. मुंबई येईपर्यंत खुर्ची खिडकीकडं फिरवून बसलात. उतरताना एवढंच म्हणालात, "झोपायला का तिकीट काढलं हुतं?"

मी म्हटलं, पुन्हा येऊ, घाट कुठं पळून जातोय? पण पुढं तुमचं हृदय कुरकुरायला लागलं, डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको सांगितलं, आणि घाट तसाच राहिला. त्या दिवसापासून तुमची टकळी सुरू. पाहुण्यांत, दुकानात, लग्नाच्या पंगतीत. "साऱ्या गावाला मी उठीवलं घाटाला. आन् माझ्या घरच्या बाईनं मला उठीवलं न्हाई." लोक हसायचे, मीही हसायचे. घरी आल्यावर मी म्हणायचे, अहो, मी केलं ते बरोबर केलं. तुम्ही म्हणायचात, चूक केलं. मी म्हणायचे, झोप जास्त मोलाची. तुम्ही म्हणायचात, "झोप काय, शेवटी मिळायचीच हाय की लई."

हे बोलायला नको होतं हो तुम्ही.

त्या दिवशी सकाळी तुम्ही लिंगपूजा करून वर गेलात. गोणपाटाची दोरी ओढल्याचा आवाज मी खाली ऐकला. मी वर आले तेव्हा तुम्ही आपल्या नेहमीच्या बाकावर, खिडकीपाशी, ताठ बसलेले. डोळे मिटलेले. कपाळावरची विभूती अजून ओली होती. मी हाक मारली नाही. माझ्या लगेच लक्षात आलं. मी समोरच्या बाकावर बसले, बराच वेळ. कुणाला बोलवायची घाई नव्हती मला. तेवढा वेळ आपण दोघंच गाडीत होतो.

महेश दुपारी पोचला. रडून झाल्यावर तो व्यवस्थेला लागला. तुमच्यासारखाच, हाताला काम लागतं त्याला. म्हणाला, "आई, क्लासेस सुटायच्या वेळेला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. समाधीची जागा लांब आहे. शववाहिनी बोलावतो. काचेची गाडी असते, त्यात बाबांना झोपवून नेऊ आणि तिथं गेल्यावर बसवू."

आपल्या लिंगायतांत माणसाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून नेतात, बसवूनच मातीत ठेवतात, हातात इष्टलिंग देऊन. हे त्यालाही माहीत आहे. पण तो काही चुकीचं बोलत नव्हता. हल्ली कितीतरी जण गाडीतूनच नेतात. मला मात्र ते दिसलं. तुम्ही आडवे, पाठीवर, आणि वर झाकण. काचेचं असलं म्हणून काय झालं?

मी म्हटलं, "तुझे बाबा झोपून कुठं गेलेले नाहीत. जिथं गेले तिथं बसून गेले. आजही बसूनच जातील."

"आई, ऊन आहे. ट्रॅक्टर हळू चालतो. तुला चालवणार आहे का तेवढं?"

"नाही चालवलं तर मलाही बसव ट्रॉलीत. पण यांना झोपवायचं नाही."

माझा आवाज चढला असावा, कारण अंगणातल्या माणसांनी माना वळवल्या. महेशनं माझ्याकडं बघितलं. मग जिना चढून वर गेला. थोड्या वेळानं पान्याचा आवाज यायला लागला. खाली आला तो चौघांच्या मदतीनं तुमचं बाक घेऊन. म्हणाला, "आई, हे ठेवू का ट्रॉलीत?" तेव्हा मात्र मला रडू फुटलं. तोवर आलं नव्हतं.

विधीला आलेले स्वामी बाक बघून जरा थबकले. "रेल्वेचं हाय का काकू हे?" मी म्हटलं, "हो. फर्स्ट क्लासचं." ते म्हणाले, "बसवायला बरं हाय, हात हायेत." पोरांनी केळीचे खांब बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या आणि वर फुलांचं छत बांधायला घेतलं. मी म्हटलं, ते नको. स्वामी म्हणाले, "मखराला छत असतंय काकू. रीत हाय." मी म्हटलं, "स्वामी, रीत बरोबर आहे. पण या माणसानं छताचं फार सोसलंय. उघडं राहू द्या." त्यांनी पोरांना हात केला. फुलांचं छत खाली उतरलं.

काय दिसत होतात तुम्ही! नवं धोतर, फेटा, कपाळभर विभूती, खिडकीची नाही तर चारी बाजूंची जागा. टाळ-मृदंग पुढं, मी ट्रॉलीच्या कडेनं चालत. गंजगोलाईला वळसा घातला, दुकानापुढं थांबलो. पुढं क्लासेसच्या रस्त्याला लागलो आणि नेमके क्लास सुटलेले. पाठीवर दप्तरं घेतलेली शेकडो मुलं. महेश म्हणाला होता तसंच झालं, ट्रॅक्टर अडकला. पण मुलांनी सायकली कडेला घेतल्या आणि आपणहून वाट केली. कुणी टोपी काढली, कुणी हात जोडले. त्यातल्या कितीजणांच्या खोलीत तुमची गादी असेल, त्यांना नावही माहीत नसेल तुमचं. मला दुःख होतंच, पण त्याहून जास्त मला तुमचा अभिमान वाटत होता. हे तुम्ही असताना कधी तोंडावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुकानात सांगत बसला असतात.

गावाबाहेर, समाधीच्या जागेच्या अलीकडं, एक चढ आहे. तुम्हाला माहीतच आहे. चढ कसला, आपल्या सपाट मुलखातला जरासा उंचवटा. ट्रॅक्टरनं गिअर बदलला, आवाज जड झाला आणि ट्रॉली हळूहळू वर निघाली. उन्हं कलली होती, तुमची दोरी ओढायची वेळ. वर पुरं आभाळ उघडं. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं दिसायला लागली, खाली सगळं लातूर. तुम्ही बाकावर, डोळे मिटून. हादऱ्यानं मान थोडी एका बाजूला झुकली होती, गाडीत झुकायची तशी.

मी ट्रॉलीच्या फळीला धरून पुढं झाले. बाकाच्या लाकडावर बोटानं टकटक केलं. भजनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, महेशला गेलं असेल. मी म्हटलं, "अहो, उठा. घाट आला."

थांबले थोडी. परत म्हटलं.

तेव्हा आता वर कुणाकडं माझं गाऱ्हाणं करत बसायचं नाही. या वेळी मी उठवलं होतं.